गाडीला वाजलेली थंडी

“भाऊ, हाई गाडी शे का भट्टी?”

मे महिन्यातली सकाळ. धुळ्यात हायवेलगत माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं. समोर पारोळ्याच्या नानांची जपानी सेकंडहँड गाडी उभी. विचारणाऱ्या त्यांच्या बहीण, अक्का. मागच्या सीटवर नानांचा मुलगा, नवरदेव संजय, कोट घालून, मुंडावळ्या बांधून घामाने निथळत होता. गालावरची हळद कॉलरवर उतरली होती. नरडाण्याला बाराचा मुहूर्त, आणि साडेनऊ वाजून गेलेले.

“व्याह्यांना सांगून बसलोय, सूनबाई थंड गाडीतून येईल,” नाना म्हणाले. “दोनदा गॅस भरला. एसी लावला की गरम हवा येते!”

मी गॅसचा दाब मोजायचा गेज लावला. गॅस ठीक, कॉम्प्रेसर ठीक. या गाडीत थंड-गरम कॉम्प्युटर ठरवायचा. आत किती उकडतंय हे त्याला डॅशबोर्डमधला हरभऱ्याएवढा सेन्सर सांगतो. उष्णता वाढली की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. मी मीटर लावला. काटा हललाच नाही. सेन्सर आतून तुटलेला, म्हणजे अडथळा पुरेपूर.

मला हसू आवरेना.

“हसतोस काय?”

“नाना, गाडीला वाटतंय आत बर्फ पडलाय. बिचारी तुम्हाला शेकतेय!”

अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. संजयही हसला. नाना मात्र घड्याळ बघत होते.

नवा सेन्सर मुंबईशिवाय मिळणार नव्हता. मी शेजारच्या रेडिओवाल्याकडून व्हॉल्यूमचं बटण आणलं. त्यातही रेझिस्टन्सच, फक्त हाताने कमी-जास्त होणारा. सेन्सरच्या दोन वायरी त्याला जोडल्या आणि हळूहळू फिरवू लागलो. डॅशबोर्डमध्ये झडप खट्‌ वाजली. मिनिटभरात गार झोत आला.

“आली! आली!” संजय मुंडावळ्यांसकट सीटवर उडाला. अक्कांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी म्हटलं, लग्न त्याचं आहे. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, तुले बी शोभस!”

मुहूर्त गाठला. परतताना वरात दुकानाशी थांबली. अक्का शालीत गुंडाळलेल्या, संजय कुडकुडत होता, आणि बटण नवरीच्या हातात. तिला गारवा आवडत होता.

महिन्याभराने सेन्सर आला. सूनबाईंनी बसवू दिला नाही. पण तेव्हापासून एसीची गाडी आली की मी आधी सेन्सर मोजतो, मग गॅसकडे वळतो.