मामा सायकलवर काहून निघाले?

भाचीच्या लग्नाला अमरावतीहून अकोल्याला सायकलने जाऊ नये. हा सल्ला मला आधी कोणी दिला नाही, असं मी म्हणणार नाही. बायकोने दिला, शेजाऱ्यांनी दिला, आणि ज्याच्याकडून मी सायकल घेतली त्या दुकानदारानेही दिला (पण पैसे मोजून घेतल्यावर!).

झालं असं की, पन्नाशी उलटल्यावर मला सायकलचा नाद लागला. मोबाइलवर परदेशातले सायकलवाले बघायचो. एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला हिरवी शेतं, मधे सरळ सपाट रस्ता आणि त्यावर माझ्याच वयाची माणसं हसत हसत चाललेली. मला वाटलं, आपल्याकडे काय कमी आहे? दर्यापूरकडचा आमचा खारपाणपट्टा परातीसारखा सपाट. विहिरीचं पाणी खारट. जुनी माणसं तर सांगतात की इथं फार पूर्वी समुद्रच होता. म्हणजे किनारा आहेच, फक्त पाणी तेवढं निघून गेलंय. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात बसला: हे पाणी नेमकं कोणत्या गावापासून खारं लागायला सुरुवात होते? शोध लावायचा, तो सायकलवरून आणि स्वतःच्या जिभेने.

नेमकं त्याच आठवड्यात गौरीचं लग्न होतं. गौरी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, शोभाताईची एकुलती एक मुलगी, आणि मी तिचा एकुलता एक मामा. लग्न अकोल्याला, मुहूर्त गोरज. नवरीला मामाने हाताला धरून मांडवात आणायचं, ही आमच्याकडची रीत. मामा नाही तर नवरी खोलीतून हलत नाही. मी हिशोब केला: पहाटे निघायचं, वलगाव, दर्यापूर करत दुपारी अकोला, आंघोळ करून संध्याकाळी मांडवात.

"सारे गाडीत जाऊन राहिलो, न् तुमी एकटेच सायकलवर?" माझी बायको रेखा म्हणाली. "लोकं काय म्हनतीन?"

"म्हणतील, मामा तब्येतीने चांगला आहे."

"काहीतरी दुसरंच म्हनतीन," ती म्हणाली आणि माझे लग्नाचे कपडे तिने गाडीत टाकले.

पहाटेची थंडी होती, रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना हरभरा डोलत होता. मी जाम खुशीत होतो. वलगावला हापशाचं पाणी चाखलं, गोड. पुढच्या गावात चाखलं, तेही गोडच. त्याच्या पुढे जरा शंका आली. रस्ता दाखवता दाखवता मोबाइलची बॅटरी संपली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. दर्यापूरच्या अलीकडे कोणीतरी म्हणालं, त्या आतल्या गावच्या विहिरीचं पाणी तर तोंडात धरवत नाही. झालं! मी मुख्य रस्ता सोडला आणि आत वळलो.

ते पाणी खरोखर भयंकर होतं. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, घशात ठसका. समोरच सलीमभाईंचं पंक्चरचं दुकान. ते धावत आले. अंगात तंग बनियन, खाली गादी लावलेली चड्डी, डोक्यावर टोप आणि गालावर आसवं, असा मनुष्य त्यांच्या गावात आजवर आला नसावा.

"क्या हुआ भाई? कुठं चालले?"

"अकोल्याला. भाचीचं लग्न आहे आज."

"तुमी मामा?"

"सख्खा मामा," मी डोळे पुसत म्हणालो.

सलीमभाईंनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अकोला तर तिकडं राहिलं जी. तुमी इकडं काहून?"

मी म्हणालो, "सहज, विहिरी बघत चाललोय."

इथे माझं चुकलं. घरचं लग्न सोडून एकटा फिरणारा, डोळ्यांत पाणी असलेला मामा विहिरी बघतोय म्हटल्यावर कोणता शहाणा माणूस त्याला सोडेल? सलीमभाईंनी आधी सायकल ताब्यात घेतली, मला बाकावर बसवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "गुस्सा थूक द्या मामा. मानपानाचं होत राह्यते." मग त्यांनी समोरच्या घरात हाक मारली. तिथून बाहेर आले वासुदेवराव, आमच्या भाऊजींचे, म्हणजे गौरीच्या वडिलांचे मावसभाऊ! त्याच लग्नाला जायला निघालेले, धोतर-टोपी घालून तयार.

त्यांनी मला ओळखलं आणि कपाळावर हात मारला. "मामा रुसले!"

ज्यांना आमच्याकडची लग्नं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. वऱ्हाडात लग्न म्हणजे कोणीतरी रुसायचंच. कधी जावई, कधी आत्या. पण मामा रुसला तर लग्नच अडतं. आणि रुसलेल्याची समजूत काढणं हे पुण्याचं काम. ते सोडून कोणी जात नाही.

"अहो, मी रुसलो नाही!" मी म्हणालो.

"रुसलेलं मानूस असंच म्हनते," वासुदेवराव शांतपणे म्हणाले. "गाडी नाई पाठवली का तुमाले?"

"गाडी होती. मीच नको म्हणालो."

वासुदेवरावांनी सलीमभाईंकडे पाहिलं. सलीमभाईंनी मान हलवली.

पोहे आले. सायकल चालवताना जड खाऊ नये, असं मी त्या परदेशी लोकांकडून शिकलो होतो, म्हणून नको म्हटलं. घरातून बायकांचा आवाज आला, "अव माय, अन्नावर राग काढून राहिले." तो आरोप खोडायला मी पोहे खाल्ले. मग पाटवडी खाल्ली. मग शिरा. गावातली चार जाणती मंडळी जमली आणि प्रत्येकाने आपापल्या घरातल्या रुसव्याची गोष्ट सांगितली. एकाच्या मामाने तर तीन वर्षं अबोला धरला होता म्हणे. मला त्यात गोडी वाटायला लागली आणि पुढे काय झालं ते मी विचारत बसलो. ऊन कलत चाललंय हे ध्यानातच आलं नाही.

वासुदेवरावांनी फोन लावून माझ्या कानाला दिला. पलीकडे ताई.

"दिलीप, माह्यं काई चुकलं असन तर पदर पसरते. पोरीचा काय दोष?"

"ताई, मी फक्त पाणी चाखायला थांबलो गं!"

ती रडायलाच लागली. मागून रेखाचा आवाज आला, "म्या म्हटलं होतं, सायकलवर नोका जाऊ म्हनून." त्या वाक्याने माझी उरलीसुरली बाजूही गेली.

आता मला खरोखर भीती वाटू लागली. मी सायकलकडे धावलो, तर तिची दोन्ही चाकं काढून सलीमभाईंनी दुकानात ठेवलेली. "मामा पळून गेले तर?" ते म्हणाले. तेवढ्यात अकोल्याहून गाडी आली; वासुदेवरावांनी तिकडे आधीच निरोप धाडला होता. तीतून भाऊजी उतरले. स्वतःच्या मुलीचं लग्न सोडून नवरीचा बाप मला न्यायला आला होता! त्यांनी टोपी काढून हातात घेतली, दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकला, नारळ दिला.

"भाऊजी, देवाशपथ, मी रुसलो नाही. चला आधी."

"आधी हसा," भाऊजी म्हणाले. "मंग जाऊ."

मी हसलो. त्यांना ते खोटं वाटलं. पुन्हा हसलो. शेवटी सगळ्या मंडळींनी मिळून निकाल दिला, की आता बरं हसले.

मांडवात पोचलो तेव्हा मंगलाष्टकं थांबली होती आणि भटजी पुन्हा पुन्हा ओरडत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" कपडे बदलायला वेळ कुठला? वासुदेवरावांच्या पिशवीतलं जुनं धोतर चड्डीवर गुंडाळलं आणि धावलो. गौरी खोलीत हार घेऊन उभी होती, काजळ ओघळलेलं. माझा हात धरून म्हणाली, "मामा, माह्यावर रुसले का तुमी?"

पोरीला आता विहिरीचं पाणी काय सांगायचं? मी म्हणालो, "रुसलो होतो बाई. पन गेला आता रुसवा."

ती खळखळून हसली. तिला मांडवात आणलं, अक्षता पडल्या, लग्न वेळेत लागलं. मागे कोणीतरी म्हणालंच, "पाहा, शेवटी कबूल केलं!"

त्यानंतर भावकीतल्या प्रत्येकाने मला मिठी मारली आणि वासुदेवरावांना शाबासकी दिली. फोटो झाले, पंगती उठल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होतो. पायात गोळे आलेले, सकाळचा शिरा कधीच जिरलेला. वाटलं, कोणीतरी येऊन म्हणेल, मामा, जेवायला चला. कोणी आलं नाही. दिवसभर गावोगाव खाऊन आलेत, असं सगळ्यांनी ठरवलेलं. भांडी घासायला गेली तेव्हा मात्र मला खरोखर राग आला, आणि मी तोंड फिरवून, कोणाशी न बोलता, अगदी रीतसर रुसलो.

समजूत काढायला एकही माणूस फिरकला नाही. सगळे म्हणाले, "आताच तर काढला रुसवा त्यायचा!"