दोनदा वाजलं

"दगडूभाऊ, तुमी स्प्रिंग बदलली, पण रोग तिथंच हाय." राजुरीच्या रिटायर सुभेदारांनी पिस्तूल माझ्या टेबलावर ठेवलं.

त्यांच्या वडिलांच्या वेळचं, बत्तीस बोअरचं सेमी-ऑटोमॅटिक. लायसन चोख. आठवड्यापूर्वी मीच दुरुस्त करून दिलेलं. ओतूरच्या बंदुकीच्या दुकानात मी चाळीस वर्षं कारागीर आहे. शाळा चौथीपर्यंत. पण माझं काम कधी परत आलं नव्हतं.

तक्रार अशी, की कधी कधी ट्रिगर दाबला तर नुसताच ढिला लागतो. मी म्हटलं होतं, ट्रिगरची स्प्रिंग मेली.

समजेल असं सांगतो. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग म्हणजे स्लाइड. ती मागं ओढून सोडली की आतला हॅमर ताणून उभा राहतो. त्याला अडकवून धरते ती सिअर. दाराच्या कडीसारखी. ट्रिगर दाबला की कडी निघते, हॅमर पडतो. कडी झिजली तर हॅमर आपला आपणच पडतो, ट्रिगरला काम उरत नाही. आत गोळी असली तर बोट न लावता उडायची. ह्या पिस्तुलात हॅमर झाकलेला, दिसत नाही. ऐकावं लागतं. स्लाइडचा 'खटाक' एकटाच आला तर ठीक. मागून बारीक 'टक' आला तर सिअर गेली.

पिस्तूल रिकामं आहे ते पाहून मी स्लाइड सोडली. "एकदाच वाजलं. सिअर ठीक हाय."

"दोनदा वाजलं, राव."

"तुमच्या कानात तोफा बसल्यात, सुभेदार."

गल्ल्यावरून शेठ उठून आले. "दगडूभाऊ, दोनदा वाजलं."

हे बोलणं माझ्या बायकोचं. चंद्रा रोज दुपारी डबा घेऊन दुकानात यायची. समोर बसून शेंगा फोडायची. मी स्लाइड सोडली की मान वर न करता म्हणायची, "दोनदा वाजलं." मला वाटायचं, बसून बसून शिकली. दिवाळीनंतर ती गेली.

शेठ हळू बोलले, म्हणजे मला ऐकू येईल इतकंच. "वहिनी धा वर्षांमागं माझ्याकडं आल्या व्हत्या. म्हणल्या, ह्यांना बारीक ऐकू येत न्हाई. तुमी बोलू नका, लई लागंल त्यांना. मी डबा घेऊन येत जाईन."

दहा वर्षं. उन्हातान्हात, चालत.

पिस्तूल खोललं. सिअरची कड गोल झाली होती. अशी सिअर घासत बसायचं नसतं, बदलायची. सुभेदारांना म्हटलं, "चूक माझी. नवी मिळंस्तोवर हे तिजोरीत राहील. तुमच्या घरात नातवंडं हायेत."

"आन् माझ्या कानातल्या तोफा?"

"त्या असू द्या. कामाच्या हायेत."

नवी सिअर बसवली तेव्हा त्यांनाच समोर बसवलं. वीस वेळा स्लाइड सोडली. वीसही वेळा ते म्हणाले, "एकदा."

मग घोडेगावला जाऊन कानाचं मशीन घेतलं. शिकलो ते एवढंच: ऐकू आलं नाही तर विचारावं. आपल्या लाजेपायी दुसऱ्याचा जीव जायचा.

मशीन घालून पहिल्या दुपारी दुकानात तिचा डबा उघडला. झाकण केवढं वाजतं.