तीन मिनिटांचं पाणी

पाणी तपासण्याच्या नोकरीत मी उभी हयात काढली आणि त्या नोकरीचा मला नको इतका माज होता. कुणाकडे लग्नाला गेलो तरी पाण्याचा ग्लास आधी नाकाशी धरायचा, मग उजेडासमोर. बायको वैतागून म्हणायची, "अहो, लोकांना वाटतं तुम्ही त्यांच्या घरात खोट काढताय." वाटू दे, असं मी म्हणायचो. खरं तर त्यांना तसं वाटावं, हेच मला हवं असायचं. जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत मला सगळे 'पाणीवाले साहेब' म्हणत. साहेब कसला, प्रयोगशाळेतला साधा तंत्रज्ञ. बाटल्या घेऊन नळोनळी हिंडायचं, नमुने आणायचे आणि काचेच्या नळ्यांत बुडबुडा धरतो का ते बघत बसायचं. बुडबुडा धरला की पाण्यात घाण मिसळली आहे असं समजायचं.

समोरच्या घरात एक मावशी एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक गंगापूरकडच्या खेड्यात दिलेली. लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात काही प्रश्न नव्हता. पण नेमकं तेव्हाच आमच्या मागच्या गल्लीत दोघातिघांना कावीळ झाली आणि मावशी धास्तावल्या. एका संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, पोरीला आणू का नको? तिकडं मळ्यातल्या विहिरीचं पाणी पेती, त्याचा काय भरोसा नाय. इथं नळाचं हाये, पण मागल्या गल्लीत कावीळ झाली म्हणत्यात. तुमी सांगाल तसं करते."

तुमी सांगाल तसं. हे ऐकून मला काय बरं वाटलं होतं! आज आठवलं की स्वतःची चीड येते. "घाबरू नका मावशी, मी स्वतः तपासतो," मी म्हणालो.

त्या काळात आमच्याकडे दर तिसऱ्या दिवशी दुपारी जेमतेम पाऊण तास पाणी यायचं. मावशींची त्या दिवशीची शिस्त गल्लीला पाठ होती. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून त्या घासलेला पितळी हंडा घेऊन नळापाशी बसायच्या. नळाचं पहिलं पाणी प्यायच्या हंड्यात. तो भरून, झाकून आत गेला की मग बाकीची भांडी. "प्यायचं आधी, मग कुणाचे बी हात लागू द्या," असं त्या म्हणायच्या. या स्वच्छतेचं मला कौतुक होतं. मी बायकोलाही ते ऐकवायचो.

नमुना घ्यायचाही एक नियम असतो. आधी नळ पूर्ण सोडून तीन मिनिटं वाहू द्यायचा, मग बंद करून स्पिरिटच्या पेटत्या बोळ्यानं नळाची तोटी जाळायची, पुन्हा थोडं पाणी जाऊ द्यायचं आणि मग निर्जंतुक बाटली भरायची. म्हणजे तोटीला लागलेली घाण पाण्याच्या नावावर जात नाही.

मी बाटली घेऊन गेलो तेव्हा नळ नुकताच फुरफुरायला लागला होता. तीन मिनिटं पाणी सोडायचंय म्हटल्यावर मावशींचा चेहराच उतरला.

"तीन मिन्टं? अवो भाऊ, तिसऱ्या दिवशी येतंय पाणी, अन् मोरीत सोडू व्हय?"

माझ्याही जिवावर आलं. आमच्या शहरात वाहता नळ कुणालाच बघवत नाही. "मोरीत कशाला? लावा तुमचा हंडा," मी म्हणालो. "नळ वाहिल्याशी मतलब."

हंडा भरला, वर एक कळशीही भरली. मी घड्याळ बघून तीन मिनिटं मोजली, तोटी जाळली, बाटली भरली आणि बर्फाच्या डब्यात ठेवली. नियम पाळला गेला आणि थेंबही सांडला नाही, म्हणून मी खुशीत होतो.

दोन दिवसांनी नळ्या बघितल्या. एकीतही बुडबुडा नव्हता. 'पिण्यास योग्य' असा शेरा लिहून मी मावशींना त्याची प्रत नेऊन दिली. "खुशाल आणा लेकीला," म्हणालो. त्यांनी तो कागद देवाच्या तसबिरीमागं ठेवला.

आठवड्याच्या आत लेक रिक्षातून उतरली. मला काका म्हणायची. दुपारी उंबऱ्यात बसून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायची आणि मला बघितलं की चिडवायची, "काका, आज कुणाच्या पाण्यात खोट काढली?" तिला येऊन दोन महिने होत आले होते. मग तिला ताप आला, अन्न जाईना, उलट्या सुरू झाल्या. मावशींनी मला बोलावलं तेव्हा तिचे डोळे पिवळे झालेले मी पाहिले. पोटात मूल असताना ही कावीळ काय करते ते मी वाचलेलं होतं. ते मी कुणाला बोललो नाही. तिला सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. चौथ्या दिवशी ती गेली. बाळही गेलं.

त्यानंतर पाणी आलं त्या दुपारी मी माझ्याच नळावर दोन बाटल्या भरल्या. मावशींची आणि माझी लाइन एकच. एक बाटली नेहमीसारखी, तीन मिनिटांनंतर. दुसरी नळ फुरफुरल्याबरोबर, पहिल्याच धारेची. असं मी त्याआधी कधीच केलं नव्हतं. नेहमीची बाटली स्वच्छ निघाली. पहिल्या धारेच्या सगळ्या नळ्यांत बुडबुडे होते. दोन दिवस कोरड्या पडलेल्या पाइपात गटाराचं पाणी झिरपायचं आणि पाणी सुटलं की तेच आधी घरात यायचं. नियमानं जे पाणी टाकून द्यायचं, ते मी मावशींच्या हंड्यात भरू दिलं होतं. आणि पुढं दर तिसऱ्या दिवशी त्या तेच भरत राहिल्या, माझ्या शेऱ्यावर विसंबून.

मी वरिष्ठांना सांगितलं. रस्ता खोदला, गटारातून गेलेला सडका पाइप सापडला, बदलला. पहिलं पाणी पिऊ नका, उकळून प्या, असं सांगत घरोघर माणसं फिरवली. हे सगळं केलं. मावशींना मात्र सांगायला तोंड उघडलं नाही. आधी दिवसकार्य होऊ दे म्हटलं, मग त्यांचा शोक जरा ओसरू दे म्हटलं.

दिवस झाल्यावर जावई बायकोचे कपडे न्यायला आला. पंचविशीतला पोरगा, दाढी वाढलेली. मावशींनी मलाही बोलावून घेतलं आणि तसबिरीमागचा कागद काढून त्याच्या पुढ्यात टाकला.

"वाच. साहेबांनी सोता तपासलंय आमचं पाणी. माझी लेक तुमच्या विहिरीनं नेली. तिकडूनच रोग घिऊन आली ती."

त्यानं कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "खरं हाये का साहेब?"

"रिपोर्ट खरा आहे," मी म्हणालो.

त्यानं मान खाली घातली. मावशींच्या पाया पडून, गाठोडं उचलून तो निघाला. मी त्याच्या मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तिथं तोच थांबला.

"साहेब, धाकल्या भावाची बायको बी पोटुशी हाये. त्याच विहिरीचं पेती. विहिरीत ब्लिचिंग पावडर किती टाकू?"

त्याच्या विहिरीचं पाणी मी कधी तपासलं नव्हतं. मी त्याला विहिरीचा घेर विचारला, पाणी किती खोल आहे ते विचारलं आणि खिशातल्या कागदावर पावडरीचं माप लिहून दिलं.