परदेशी पाहुण्यांवर पाळत

लॉजच्या काउंटरवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस रजिस्टरात नाव लिहितो आणि जाताना एखादा सोडून जातो. नव्वदच्या दशकात मी साताऱ्यात, स्टँडसमोरच्या एका लॉजवर मॅनेजर होतो. महाबळेश्वरला निघालेले फॉरेनर आमच्याकडे उतरायला लागले आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यात संशय शिरला.

मालक आबा, मिलिटरीतून रिटायर झालेले सुभेदार. त्यांच्या लेखी प्रत्येक फॉरेनर हेर. एक जर्मन रोज नकाशा पसरून बसायचा. आबा म्हणाले, "आपल्या गल्लीचं नावबी हाय त्यात. कशाला पायजे त्याला?" दोन दिवस ते त्याच्या मागं हिंडले. तिसऱ्या दिवशी जर्मनच काउंटरवर आला. "एक म्हातारा माझा पाठलाग करतोय. पोलिसांत जाऊ का?"

शेजारीच उभ्या आबांनी मला विचारलं, "काय म्हणतोय?"

म्हटलं, "सातारा लय आवडला म्हणतोय."

स्वयंपाकाला हौसाबाई होत्या. एक फ्रेंच बाई आमटी शिकायला वही घेऊन त्यांच्याजवळ बसली. "हितलं शिकून तिकडं खानावळ काढणार ही," असं म्हणत हौसाबाईंनी मसाला घालायच्या वेळी तिला बाहेर पाणी आणायला धाडलं. वर्षभरानं पत्र आलं. मी वाचून दाखवलं : तुमची आमटी इथं सगळे मागून मागून खातात.

हौसाबाईंनी पत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग म्हणाल्या, "मसाल्याबिगर?"

एका इंग्रज जोडप्याला 'खरं खेडं' बघायचं होतं. त्यांना वडूजकडच्या माझ्या गावी नेलं. टीव्ही दिसला की ही माणसं हिरमुसतात, असं चुलत्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी टीव्हीवर वाकळ टाकली आणि उसनं धोतर नेसून, ते एका हातानं धरून बसले. बाईनं मला हळूच विचारलं, "हे रोज असेच असतात, की आमच्यासाठी?"

तेवढ्यात चुलते म्हणाले, "कवा जाणार हायत इचार रं. क्रिकेटची म्याच सुरू हुईल."

सिद्धार्थ आमचा वायरमन, माझ्याच गावचा. त्याच्या पाकिटातला बुद्धाचा फोटो पाहून एका वयस्कर जपानी पाहुण्यानं गावचं विहार बघायचं म्हटलं. रविवारी आम्ही तिघं गेलो. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली, सिद्धार्थच्या वस्तीनं स्वतः बांधलेली. आमच्या आळीतलं कुणी तिथं कधी गेलं नव्हतं.

परदेशी माणूस वस्तीत शिरलेला बघून गावात कुजबुज सुरू झाली. "पैसं वाटायला आलाय." "न्हाई, कसल्यातरी सह्या घेतोय." चाळीसेक माणसं मागोमाग आली.

पाहुणा बूट काढून आत गेला आणि मूर्तीपुढं डोळे मिटून बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दारातून नीट दिसेना, म्हणून सरपंचांनी चपला काढल्या. मग बाकीच्यांनी. मीही काढल्या. खोली भरली. सिद्धार्थची आई लगबगीनं सतरंजी घेऊन आली आणि आम्ही सगळे खाली बसलो.

परतीच्या एसटीत पाहुण्याला डुलकी लागली. सिद्धार्थ त्याच्याकडं बघत होता. मग त्यानं मला विचारलं, "साहेब, ह्यो परत कवा येणार हाय?"