बिनब्रेकची पुस्तकं

इकडे परदेशात, ट्रॉय शहरात राहणारे आमचे एक काका तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन करून रिटायर झाले. घरात मात्र इंग्लंडमधल्या स्पीडवे शर्यतींवरची पुस्तकं खच्चून भरलेली. ‘‘बिनब्रेकच्या मोटरसायकली रे! सगळी वळणं डावीकडे. प्रेक्षकांच्या चहात माती उडते, तरी एक जण हलत नाही!’’ शर्यत त्यांनी प्रत्यक्षात एकदाही पाहिलेली नाही. स्वतः गाडी इतकी हळू चालवतात, की काकू पायी पुढे जातील.

परवा इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगला त्यांच्याच गाडीतून गेलो. पार्किंग रिकामं, वर गुळगुळीत बर्फ. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, चष्मा नीट बसवला आणि गाडी डावीकडे सर्रकन घसरवली.

मी ओरडलो, ‘‘काका, ब्रेक!’’

‘‘तीस वर्षं तेच केलं की रे!’’