विसरण्याचा दाखला

आईचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं, तेव्हा ती टेमघरला माझ्याकडे राहायची. मी शाळेत शिकवायला गेले की ती विळा घेऊन बाहेर पडे. "भात कापाला जायाचा हाय," एवढंच म्हणे. वळ या आमच्या गावचं ते शेत भावांनी कधीच विकलं होतं, तिथे गोदाम उभं होतं. दोनदा तिथल्या वॉचमनने तिला रिक्षात घालून परत पाठवलं. शेवटी मी बाहेरून कडी लावायला लागले.

सरकारी दवाखान्यात अपंगांना दाखले देण्याचं शिबिर होतं. दाखल्यावर मदत मिळते असं कळलं. आईजवळ दिवसभर बसायला एखादी बाई ठेवता आली असती, कडी सुटली असती.

आमच्याकडे डॉक्टरपुढे माणसाला कसंही नेत नाहीत. वहिनीने आईला न्हाऊ घातलं, चापूनचोपून अंबाडा बांधला, त्यावर अबोलीचा गजरा, ठेवणीतलं लुगडं. सोयरीक जमवायला निघाल्यासारख्या आम्ही निघालो.

डॉक्टरांनी नाव विचारलं, आईने सांगितलं. गाव? "वल." शेती आहे का? "हाय ना, भाताची." मग त्यांच्याकडे मायेने बघत म्हणाली, "च्या घेतला का र बाला?"

डॉक्टर हसले. "आजी माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत."

"साहेब, ते शेत आता नाही हो," मी म्हटलं.

"वय झालं की विसरतं माणूस. आंधळा, बहिरा, पांगळा, मतिमंद, वेडा, सगळ्यांना या फॉर्मवर जागा आहे. नुसत्या विसरण्याला काय लिहू, बाई?"

त्यांचाही इलाज नव्हता. सरकारलाच हा आजार ठाऊक नव्हता, तर ते काय करणार? पण माझ्या मनात आलं, आईने आत्ता, इथेच, केस सोडून थयथयाट करावा. पोटच्या पोरीने आईसाठी असं मागावं, अशी वेळ आली होती. अजून आठवलं की जीव तळमळतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत निघाले. आई दारापर्यंत आली. गजरा अजून केसांत होता, पार सुकलेला. मला नीट न्याहाळून हळू आवाजात म्हणाली, "कडी बरी लाव गो पोरी. घरान म्हातारी एकली हाय."

मी कडी लावली.