ओव्हरबर्डनचं कूळ

वणीच्या भाड्याच्या खोलीत मी एकटाच राहायचो. इंग्रजीचा मास्तर, बायको गेल्यावर बोलायला शब्दकोश तेवढा उरला होता. कापसाचे ते वाईट दिवस होते. आमचं वडिलोपार्जित वावर थोरला भाऊ कसायचा, आणि तेच कोळशाच्या खुल्या खाणीसाठी मागितलं होतं. दादानं खाणवाल्यांचा इंग्रजी कागद माझ्याकडे पाठवला, सोबत निरोप: "सीतादहीले ये. वावरातच बोलू."

कागदात एक शब्द भेटला, ओव्हरबर्डन. म्हणजे कोळशावरची माती, खणून बाजूला टाकायची. मी लागलो त्याचं कूळ शोधायला. 'ओव्हर' आणि संस्कृत 'उपरि' एकाच मुळातले. त्या 'उपरि'तूनच आपलं 'वर' आलं. 'बर्डन' म्हणजे वाहायचं ते. त्याचं आणि आपल्या 'भार'चंही मूळ एकच. सातासमुद्रापलीकडचे सख्खे नातेवाईक! मला आकाश ठेंगणं झालं. खरं तर हे सांगायला कुणीतरी मिळणार, याचाच आनंद जास्त होता.

सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीआधी वावराला जेवू घालणं. कापूस जेमतेमच फुटला होता, तरी वहिनीनं पातेलंभर दहीभात आणला होता आणि धुऱ्याधुऱ्यानं, बांधाच्या कडेकडेनं, शिंपडत चालली होती. दादा म्हणाला, "सांग, काय लिहून हाय त्या कागदात?"

मी शब्दाचं अख्खं कूळ सांगितलं. वर्गात सांगतो तसं, हातवारे करून.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग दहीभात पडलेल्या मातीकडे पाहत म्हणाला, "म्हंजे हे वझं हाय?"

"शब्दशः तसंच," मी म्हणालो. वर हसलोही.

त्यानं माझ्या हातातला कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला. वावर द्यावं की नाही, एवढंच त्याला धाकट्या भावाकडून ऐकायचं होतं. मी नको म्हटलं असतं तर तो अडून बसला असता, हे वहिनीनं फार नंतर सांगितलं. आठवड्यानं त्यानं सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मीही केली.

ते दोघं दारव्ह्याला लेकीकडे राहायला गेले. मी दर रविवारी फोन करतो. वहिनीच उचलते.

"दादा आहे का?"

"थे वावरात गेले, भाऊजी."

दारव्ह्याला त्यांचं वावर नाही. हे तिला ठाऊक आहे, आणि मलाही.